पहारा कोणाचा?

बहारीनमधून अमेरिकेचं आरमार वर्षभरात निघणार, असं मी मेश्रामकाकांना छातीठोक सांगितलं. पेपरातला तो लेख मी अर्धाच वाचला होता. उरलेला आतल्या पानावर होता आणि तिथवर मी गेलो नव्हतो.

मेश्रामकाका आमच्या वारज्याच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. मूळचे भंडाऱ्याचे, आता निवृत्त. कुठल्याही गोष्टीवर त्यांचा पहिला प्रश्न एकच: "पहारा कोणाचा?" मग ते जपान असो, कुवेत असो, नाहीतर माझ्या पुतण्याच्या लग्नातला कार्यालयाबाहेरचा चपलांचा ढीग. त्या लग्नात काका अक्षतांना आत आलेच नाहीत. चपलांपाशी खुर्ची टाकून बसले.

वॉचमनची एजन्सी बदलायची म्हणून सेक्रेटरी या नात्याने मी सभा बोलावली, तेव्हा ते उभे राहिले.

"भाड्याचा पहारा वाईट नसते, सेक्रेटरीसाहेब. पण तो कधी उठून जाईन, हे घरवाला नाही ठरवत. पहारेकऱ्याचा मालक ठरवते. बहारीनचं तसंच आहे, तिथं पहारा अमेरिकेचा."

"काका, आपला विषय फाटकाचा आहे."

"मी फाटकाचंच बोलून राहिलो."

निम्मे सभासद अमेरिकेवर बोलू लागले, निम्मे चहाला गेले. फाटकाचा निर्णय आजतागायत झालेला नाही. त्याचा राग मनात होताच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाकावर काका भेटले आणि मी तो लेख काढला.

"चालले तुमचे पहारेकरी."

"कोण म्हणते?"

"सगळे तज्ज्ञ."

"मग तिथं कोण उभं राहीन?"

"कोणी नाही," मी म्हणालो. वाक्याला वजन यावं म्हणून. काका उठले आणि घराकडे चालू लागले.

त्यानंतर ते बाकावर दिसेनात. शेवटी मीच वर गेलो. काका फोनवर होते. "टमाटे कसे भेटून राहिले तिकडं? बरं. अन् बाहेर सगळं नेहमीसारखंच आहे ना?"

त्यांची एकुलती लेक परदेशात नर्स आहे, एवढं मला माहीत होतं. दुबईला असेल, असं मीच ठरवून टाकलं होतं. फोन ठेवल्यावर काकांनी सांगितलं, ती बहारीनला आहे. भीती वाटते का, हे काका तिला विचारत नाहीत. नोकरी तिने हौसेने घेतली, परत ये म्हणवत नाही. म्हणून तिला टोमॅटो विचारतात आणि अमेरिका आम्हाला.

मी घाईघाईने सांगितलं, "काका, तो लेख मी आज पुरता वाचला. निघणं तितकं सोपं नाही म्हणतात."

"म्हणजे राहतीन?"

"ते कोणालाच ठाऊक नाही."

काकांनी मान हलवली आणि माझ्यासाठी खुर्ची पुढे सरकवली. काकू चहा घेऊन आल्या.

"तुम्ही बोलले तेव्हापासून यायनं धड जेवण नाही केलं, भाऊ," त्या म्हणाल्या. "मी यायले म्हटलं, ज्या माणसाले आपल्या फाटकावर वॉचमन ठेवता येत नाही, त्याले अमेरिकेचं काय समजते?"