पंगतीत कमी पडलेला पाय

"मृदुलाची बदली घराजवळ होऊ दे, सोळा पावलं जेवू घालीन," असा नवस शरयूताई एकदा बोलल्या होत्या. तो फेडायच्या दिवशी एक मुंगळा आणि समुद्रावरचा एक खेकडा जेवायला आले. आमंत्रण खरं तर आठ शेजारणींना होतं. पण उंबरा आधी ओलांडेल तो पाहुणा, अशी त्या गावची रीत. शेजारणी समजुतीने माघारी गेल्या.

मृदुला गडचिरोलीला नर्स. चार दिवाळ्या लेक घरी नव्हती. बदलीचा हुकूम आला होता, पण त्याला नवस फेडल्याचा दाखला जोडायचा होता, आणि तोही शनिवारच्या आत. म्हणून ग्रामसेवक तोडणकर वही घेऊन पाय मोजायला बसले.

"मुंगळा, सहा. खेकडा, नांग्या धरून..." ते थांबले. "काकू, नऊच आहेत. एकूण पंधरा झाले."

"एक जाळ्यात राहिला," खेकडा ओशाळून म्हणाला.

शरयूताईंच्या हातातला वरणाचा डाव तसाच राहिला. "शेजारच्या नलूला बसवू?"

"त्यांचे दोन. सतरा होतील."

"यांनाच नवा येईल की, वहिनी," मुंगळा म्हणाला. "आमच्यात मोठं झाल्यावर गेला पाय तो गेला. हे कवच टाकतात आणि नवा काढतात. समुद्रातली मंडळी, चैन आहे."

"चैन कसली? कवच टाकलं की अंग लोण्यासारखं. कुणीही यावं नि खावं. तुम्ही एकदा कडक झालात की मिटलं!"

"भांडू नका रे. किती दिवस लागतील?" शरयूताईंनी विचारलं.

"घर शांत असेल तर शुक्रवारपर्यंत."

त्यांनी बादलीत खारं पाणी भरलं आणि ती न्हाणीघरात ठेवली. मिक्सर बंद झाला, आरती ओठातल्या ओठात होऊ लागली, यजमान शिंकायला अंगणात जाऊ लागले. मुंगळा दाराशी पहाऱ्याला बसला. शुक्रवारी सकाळी बादलीत दोन खेकडे होते: एक रिकामा, एक आपला.

तोडणकरांनी चष्मा पुसला. "हा पाय फारच लहान आहे, काकू."

"तुमचा नातूही लहान आहे. शिरगणतीत सोडलात का त्याला?"

तोडणकरांनी शिक्का मारला. पानं वाढली. मुंगळ्याने आपल्या शिऱ्याची मूद मऊ खेकड्याकडे सरकवली, आणि शनिवारी मृदुला घराजवळच्या दवाखान्यात रुजू झाली.

तर बायांनो, तुमच्या दारी कुणी एका पायाने उणा आला, तर दुसरा पाहुणा शोधू नका. पाणी ठेवा, आवाज कमी करा, आणि पान वाढायला थोडं थांबा.