बाकी तसेच ठेवणारे भीमराव

प्रातःस्नान आटोपून संध्येस बसलो आणि समोरचे पंचपात्र पाहून मी आचमन विसरलो. तांब्याच्या त्या पात्राची एक बाजू नुकत्याच घडविल्यासारखी लखलखत होती. दुसरीवर माझ्या आजोबांच्या काळापासूनचा काळिमा जसाच्या तसा होता.

आमचे शेजारी भीमराव हे रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. आदल्या दिवशी त्यांनी ते पात्र मागून नेले होते. एका भागाला त्यांनी साधे चिंचेचे पाणी लावले, शेजारच्या भागाला दुप्पट दाट, आणि मोबाइलवर वेळ लावून बसले. दाट पाण्याने डाग निम्म्या वेळात गेला. "पहिली कोटी, शास्त्रीबाबा," मी जाब विचारायला गेलो तेव्हा ते अत्यंत समाधानाने म्हणाले. उरलेली बाजू त्यांनी कोमट पाण्यासाठी राखून ठेवली होती.

त्यांच्या शास्त्राची रीत अशी : एक घटक दुप्पट करावा, बाकी सारे स्थिर ठेवावे आणि वेगाकडे पाहावे. वेग दुप्पट झाला तर पहिली कोटी, चौपट झाला तर दुसरी. मला कोटी ठाऊक होती ती देवाच्या कोटी नामांच्या कोट्यर्चनेतली. पुढे त्यांनी 'वेगस्थिरांक' हा शब्द काढला, तेव्हा वेग आणि स्थिर यांचा समास कोणत्या वैयाकरणाने होऊ दिला, असे मी विचारले. "उष्णतेनें तेवढा हलतो वो, एरवीं देवासारखा जागच्या जागीं," असे उत्तर मिळाले.

परंतु खरा धक्का पुढेच होता. गेल्या वर्षी त्यांच्या पत्नी अंबाक्का यांना पक्षाघात झाला. तमिळ मुलखातल्या आमच्या साऱ्या राजवीथीला, म्हणजे अख्ख्या रस्त्याला, हाका मारणाऱ्या त्या बाईंची वाणी दिवसाला पाच-सहा शब्दांवर आली. रोज स्तोत्र कानी पडले तर जीभ सुटेल, असे मीच श्रद्धेने सुचविले. भीमराव म्हणाले, पाहूं. आणि दुसऱ्या दिवशी रकाने आखलेली वही घेऊन बसले.

पहिल्या आठवड्यात सायंकाळी माझा स्तोत्राचा एक पाठ. तीच शाल, तोच पाट, पंख्याचा वेगही तोच. एकादशीला मी गंध जरा ठळक लावून गेलो, तर त्यांनी मला दारातच अडविले. "एकच बदला वो, बाकी तसेंच ठेवा." माझे गंध त्यांनी स्वतःच्या उपरण्याने पुसले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचे गंध!

दुसऱ्या आठवड्यात दोन पाठ. चौथ्या दिवशी दुसरा पाठ संपत आला असता अंबाक्का माझ्याकडे रोखून पाहत अगदी स्पष्ट म्हणाल्या, "पोदुम." म्हणजे तमिळमध्ये पुरे. भीमरावांनी शांतपणे एक शब्द नोंदविला.

आठवडा संपला. पाठ दुप्पट, शब्द तेवढेच. "शून्य कोटी," त्यांनी जाहीर केले.

पन्नास वर्षांची उपासना आणि तिला शून्य! माझा संयम सुटला. स्तोत्र म्हणजे चिंचेचे पाणी नव्हे, असे सुनावून मी शाल उचलली आणि उद्यापासून येणार नाही, असे सांगितले.

भीमरावांनी माझा हात धरला. "शून्य कोटी म्हणजे निरुपयोगी नव्हे वो. वाढवून वेग वाढत नाहीं, एवढेंच. पण तो पदार्थच नसला, तर कांहींच घडत नाहीं. काढून पाहायचा मला धीर नाहीं."

मी खाली बसलो. वही उघडीच होती. माझ्या रकान्याच्या आधी आणखी एक रकाना होता. त्यावर लिहिले होते 'मी'. तिच्यापाशी बसणे : एक तास, दोन तास, चार तास. प्रत्येकासमोर तेच पाच-सहा शब्द.

"मीही शून्य कोटीचाच," ते म्हणाले.

मग आता किती वेळ बसता, असे मी हळूच विचारले.

"ती जागी असेल तेवढा. तें आतां लिहीत नाहीं."