दहापैकी दहा

शिवणाच्या बाईंना संस्थेत नोकरी हवी होती आणि संस्थेला बाईंचा व्हिडिओ हवा होता. फ्रॉकला बाही कशी जोडायची ते कुणाला तरी शिकवायचं, ते सलग चित्रित करायचं आणि आज संध्याकाळच्या आत पाठवायचं. मध्ये कुठे कापाकापी दिसली की अर्ज बाद. घरी दोन-चार मुली शिकायला यायच्या, त्याही मनात आलं तर. पक्की नोकरी बाईंना आजवर कुणी देऊ केली नव्हती.

शिकणारी म्हणून सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी आयुष्यात साधं बटण लावलं नव्हतं, तेव्हा वेगळ्या अभिनयाची गरज नव्हती. कॅमेरा बाईंच्या नवऱ्याच्या ताब्यात होता. ते शाळेत गणित शिकवायचे. शेजारीपाजारी त्यांना सर म्हणत आणि घरातही ते सरांसारखेच वागत.

"फोर के लावलंय," सर म्हणाले. "सुईचं नेढंसुद्धा दिसेल."

"मी दिसले तरी पुष्कळ झालं," बाई म्हणाल्या.

बाईंनी बाही उचलली, फ्रॉकच्या मुंढ्याला लावली, "इथे पहिली टाचणी" म्हणाल्या आणि कॅमेरा बंद पडला. पडद्यावर 'मेमरी कार्डचा वेग अपुरा' अशी सूचना आली.

"काहीतरीच. कालच घेतलंय कार्ड," सरांनी निकाल दिला. "पुन्हा करा."

पुन्हा केलं. या वेळी गाडी तिसऱ्या टाचणीपर्यंत गेली. त्याच्या पुढच्या वेळी दुसरीवरच अडली. दर वेळी बाई टाचण्या काढत, बाही सोडवत आणि चेहऱ्यावर नव्याने उत्साह आणत. सासूबाईंनी आधी दोनदा मन लावून विचारलं, "ही फुगीर बाजू कुठे गं येते?" मग त्यांनी विचारणंच सोडलं. आणखी थोड्या वेळाने तर बाईंनी हात पुढे करण्याआधीच त्या टाचणी काढून देऊ लागल्या.

"आई, तुम्हाला हे येत नाहीये," बाईंनी आठवण करून दिली.

"आता यायला लागलंय, त्याला मी काय करू?"

बाईंनी बाही खाली ठेवली. "अहो, ते कार्ड बघू जरा."

सरांनी कार्ड अभिमानाने पुढे केलं. "दुकानदाराने दोन दाखवली होती, त्यातलं हुशार निवडलंय. हे बघ, गोलात दहा. दहापैकी दहा."

"आणि दुसऱ्यावर काय होतं?"

"तीस. पस्तिसाला पास, म्हणजे तीस नापास. नापास कार्ड कशाला घ्यायचं?"

ज्या माणसाची हयात पेपर तपासण्यात गेली, त्याला गोलातला कुठलाही आकडा गुणच वाटणार. गोल उजवीकडे थोडा उघडा होता, म्हणजे तो गोल नसून इंग्रजी सी होता. पण पेपर घाईत तपासले की अशी वळणं राहून जातात. बाईंनी कॅमेऱ्याच्या खोक्यातून माहितीपुस्तिका काढली. सरांनी ती अजून उघडलेलीही नव्हती.

"हे गुण नाहीत," बाई वाचत म्हणाल्या. "कार्ड सेकंदाला निदान किती एमबी लिहू शकतं, त्याचा आकडा आहे. आपलं दहा, ते दुसरं तीस. आणि तुमच्या फोर केला तीसवालंच लागतं."

"मग हे एवढं मोठं एकशे सत्तर छापलंय ते?"

"तो वाचायचा वेग. म्हणजे वाचायला हुशार, लिहायला मंद."

"असतात अशी मुलं," सर हळूच म्हणाले.

दुकान आज बंद होतं. चित्राचा दर्जा खाली आणला तर हेच कार्ड चालणार होतं, असंही पुस्तिकेत लिहिलं होतं. सरांना ते पटेना. एवढा कॅमेरा आणून साधं चित्र काढायचं म्हणजे त्यांना अपमान वाटत होता.

"अहो, मला ही नोकरी हवी आहे," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण डोळे भरले होते. सरांनी मुकाट्याने दर्जा खाली आणला.

आता कॅमेरा मध्ये थांबेना. बॅटरी मात्र शेवटच्या घटका मोजत होती, म्हणजे ही शेवटचीच संधी. बाईंचे हात भरून आले होते. त्यांनी सराईतपणे बाही उचलली आणि टाचायला लागल्या.

"अगं, थांब," सासूबाई म्हणाल्या. "ही डावी बाही. उजव्या मुंढ्याला कुठे लावतेस?"

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. सरांनी कॅमेऱ्यामागून डोक्याला हात लावला. सगळं चित्रित होत होतं आणि कापता येणार नव्हतं.

"बरोबर," बाई कशाबशा म्हणाल्या. "तुम्ही कशावरून ओळखलंत?"

"हा खोलगट भाग पुढे यायला नको का? नाहीतर हात पुढे केला की काखेत ओढणार." सासूबाईंनी सुनेच्या हातातून फ्रॉक घेतला, योग्य बाही टाचली आणि धावदोरा घालायला बसल्या. त्यांनी शेवटची गाठ मारली आणि बॅटरी संपली.

"आई, तुम्ही अडाणी दिसायचं होतं."

"म्हणून काय चुकीचं शिकत बसू?"

व्हिडिओ होता तसा पाठवला. बाईंनी नोकरीची आशा सोडली. सरांनी दुसऱ्या दिवशी तीसवालं कार्ड आणून निमूटपणे कॅमेऱ्यात घातलं. संस्थेचा फोन आला तेव्हा बाईंनी नकार ऐकायच्या तयारीनेच तो उचलला. मग बराच वेळ त्या नुसत्या "हो, हो" करत राहिल्या आणि फोन ठेवून खुर्चीत बसल्या.

"मिळाली," त्या म्हणाल्या. "मुद्दाम चूक करून विद्यार्थिनीलाच ती शोधायला लावायची, ही माझी पद्धत त्यांना फार आवडली. तिथल्या बाकीच्या शिक्षिकांनाही शिकवा म्हणाले."

"मग मी येते ना," सासूबाई म्हणाल्या. "मुद्दाम चूक तुला एकटीला जमायची नाही."

बाई हसल्या, आणि मग डोळे पुसत सासूबाईंच्या खांद्यावर डोकं टेकून बसल्या. सर आधी घुटमळले, पण त्यांना राहवेना.

"चित्राबद्दल काही म्हणाले का?"

"हो. गाडीत बसल्याबसल्या मोबाइलवर बघितलं म्हणाले. छान दिसलं."