चिमूटभर मिठाचं इंग्रजी

निशिगंधाच्या कोकम सरबताच्या बाटल्यांवर इंग्रजी मजकूर असावा, हे मी ठरवलं. (आमच्या घरात मी ठरवतो, बायको निस्तरते.) वर्षभर खपून तिने सरबताची चव जमवली होती आणि आता हातखंब्याला, हायवेवर तिचा पहिला स्टॉल लागणार होता.

"अहो, साधं मराठीत लिहा. शंभर टक्के शुद्ध, चिमूटभर मीठ घालून घ्या. झालं!"

"हायवेला कुठकुठले लोक थांबतात! आणि ऑफिसातली इंग्रजी पत्रं कोण लिहितं?"

"म्हणूनच भीती वाटते," ती म्हणाली.

तरी मी लिहिलंच: 'हंड्रेड पर्सेंट प्युअर. टेक इट विथ अ पिंच ऑफ सॉल्ट.' शब्दाला शब्द! शिवाय हे वाक्य मी कुठेतरी वाचलेलं होतं, म्हणजे इंग्रजी अस्सलच. लेबलं छापून आणली आणि सढळ हाताने डिंक लावून चिकटवली.

रविवारी गाड्या थांबू लागल्या. लोक बाटली उचलत, वाचत, हसत आणि फोटो काढून परत ठेवत.

"बघ, इंग्रजीची ओढ!" मी म्हणालो.

"ओढ दिसतेय. गिऱ्हाईक कुठाय?"

इतक्यात गॉगल लावलेल्या एका बाईंनी मला विचारलं, "हे खरंच मनापासून लिहिलंय?"

"अगदी! आम्ही घरीसुद्धा तसंच घेतो."

"म्हणजे घरच्यांचाही विश्वास नाही?"

"विश्वासाचं काय त्यात? सासूबाई तर दोन चिमटी घेतात!"

बाई हसता हसता टेबलाला टेकल्या. मग निशिगंधाला हळूच म्हणाल्या, "अहो, इंग्रजीत ह्याचा अर्थ होतो, आम्ही सांगतोय त्यावर फारसा विश्वास ठेवू नका."

निशिगंधा भांडली असती तर बरं झालं असतं. कोकमं फोडून लाल झालेली बोटं तिने ओढणीत लपवली. कातळ फाटून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. सरबत शुद्ध करणारी ती, आणि ते खोटं असल्याचं छापून देणारा तिचाच नवरा!

मी बादली घेऊन लेबलं खरवडायला बसलो. (नेमकं 'प्युअर' निघालं, मीठ निघेना.)

संध्याकाळी एक आजोबा आले. मला म्हणाले, "काय ओ, सरबत चांगलं आहे ना?"

मी तोंड उघडलं, तोच निशिगंधा पुढे झाली. "त्यांना नका विचारू आजोबा. त्यांना बाटल्या धुवायला ठेवलंय."

आजोबांनी दोन बाटल्या घेतल्या आणि जाताना माझ्या ओल्या हातावर चहापाण्याला दहाची नोट ठेवली.