बाबांनी वायफायचं कुलूप काढलं

हे कुणाला सांगायचं नाही, असं बाबांनी मला बजावलं आहे. (मी सांगत नाहीये, लिहितेय.)

त्या दिवशी बाबांना ऑफिसातल्या मोठ्या मॅडमसमोर व्हिडिओवर बोलायचं होतं. विषय, 'कंपनीची माहिती परक्यांपासून कशी जपावी'. जमलं तर बाबा त्या विभागाचे प्रमुख होणार होते. पण आमचं वायफाय सकाळपासून गोगलगायीच्या वरताण चाललेलं. बाबांनी डोकं लढवलं. प्रत्येक गोष्ट कुलपात घालून पाठवायची आणि पलीकडे उघडायची, यातच वेळ जातो. मग काढा कुलूप. त्यांनी पासवर्डच काढून टाकला.

"दार सताड उघडं टाकलं की वारा येतो, तसं मांजरही येतं," आई म्हणाली.

"एवढ्याशा वेळात कोण येतंय? तुझं आपलं काहीतरीच."

नेट खरंच सुसाट सुटलं. बाबा टीव्हीकडे पाठ करून ऐटीत बसले. "मॅडम, माझ्या नेटवर्कमध्ये परका माणूस पाऊलही टाकू शकत नाही."

तेवढ्यात मागचा टीव्ही आपोआप लागला. पडद्यावर एक धट्टीकट्टी बाई जमिनीवर आडवी. "आता डावा पाय वर," ती म्हणाली.

बाबा पांढरेफटक पडले. रिमोट सापडेना. आईने धावत जाऊन टीव्हीसमोर चादर धरली, पण आवाज वाढतच चालला. (खालच्या मजल्यावरच्या आजोबांच्या फोनने त्यांचं वायफाय सोडून आमचं फुकटचं पकडलं आणि त्यांनी फोनवरून टीव्हीवर लावलेला गुडघ्यांचा व्यायाम आमच्या टीव्हीवर आला. स्वतःच्या टीव्हीवर काहीच दिसेना, म्हणून ते बिचारे आवाज वाढवत होते.)

"घरात कोण आहे?" मॅडमनी विचारलं.

"कोणी नाही, मॅडम."

"श्वास सोडा," चादर म्हणाली. बाबांनी सोडला.

मॅडमनी चष्मा काढला. "परका माणूस आत कसा शिरतो, हे इतकं स्पष्ट मला आजवर कुणी दाखवलं नव्हतं."

बाबांची छाती फुगली.

"उद्या विभागाचे नवे प्रमुख तुमच्याकडे येतील. वायफाय दुरुस्त करून देतील."

ते येण्याआधीच बाबांनी इतका अवघड पासवर्ड घातला, की तो त्यांनाच आठवेना. प्रमुखांनीही हात टेकले. आता बाबा लॅपटॉप घेऊन खालच्या आजोबांकडे बसतात. आजोबा आधी त्यांना भिंतीकडे तोंड करायला लावतात आणि मग आपला पासवर्ड स्वतः टाकतात, कारण त्यांचं म्हणणं असं, की बाबांसारख्या माणसाच्या हाती... आले गं आई, बोलावते बाबांना, एवढं एक वाक्य