सगळे फोटो एकाच मापाचे

"बाबा, तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाला कुठलंही काम द्या! तो मुळापासून विचार करतो, म्हणून त्याचं काम चुकतच नाही!" जिज्ञासानं छातीठोकपणे सांगितलं.

बुधाजी बशीतला चहा फुंकत होते. जांभूळ गावात त्यांच्या शब्दाला वजन! पण लेकीनं तत्त्वज्ञानात बीए केल्यापासून ते नाक्यावर जायला बिचकत. कुणाचा पोरगा फार्मसीला, कुणाची पोरगी सीएला. यांना कुणी विचारलं की हे "ती... मोठं मोठं वाचते" असं पुटपुटून पानाच्या टपरीकडे वळत. आणि आता पोरीला विद्यापीठात जाऊन एमए करायचं होतं!

"मना एकच सांग," बुधाजी बोलले. "हे शिकून माणूस करतो काय?"

"दाखवतेच! आपल्या काकांच्या कल्पेशदादाचं लग्न आहे ना, त्याच्या हळदीचं एखादं काम द्या मला."

"घे! बॅनर करून आण. नीट झालं तर एमए. नाय झालं तर तुझ्या धर्मेशदादाच्या फ्लॅट विकायच्या ऑफिसात बसायचं, अंबरनाथला, गुमान!"

जिज्ञासाला आनंदानं नाचावंसं वाटलं. बॅनर! त्यात काय एवढं?

तर मंडळी, आपल्याकडे हळदीचा बॅनर म्हणजे खायचं काम नाही! मधोमध नवरदेव, वर आजोबा, काका, मामा, चांगले थाळीएवढे. मग भावोजी, वाटीएवढे. आणि तळाला गॉगल लावलेले मित्र, पोस्टाच्या तिकिटाएवढे. कुणाची पत किती, हे गाव त्या मापावरून ठरवतं. उल्हासनगर कॅम्प दोनच्या बॅनरवाल्या सिंधी शेठना हे पाठ होतं.

"बेटा, मामा बडा, दोस्त छोटा. हमेशा ऐसाच बनता है!"

"का पण, शेठ? मामा जास्त माणूस आणि मित्र कमी माणूस, असं असतं का?"

शेठनी डोकं खाजवलं. "नहीं... माणूस तो सब सारखाच है..."

"झालं तर मग! सगळे फोटो एकाच मापाचे करा!"

हळदीच्या संध्याकाळी नाक्यावर बॅनर झळकला. तेवढ्यात बदलापूरहून नवरदेवाचे मामा आले. नाथामामा! गळ्यात बोटभर जाड साखळी, आणि रुसण्यात सात गावांत पहिला नंबर. त्यांनी गाडीची काच खाली करून वर पाहिलं. त्यांच्या शेजारी, त्यांच्याच मापात, कोण होता? त्यांचाच ड्रायव्हर, कल्पेशचा दोस्त अनंता! वर गॉगल लावून!

"गाडी फिरव!" मामा गरजले.

"एक मिनिट, शेठ," अनंता बोलला, आणि आधी उतरून बॅनरसोबत सेल्फी काढून आला.

मांडवात बातमी पोचली. कल्पेशची आई मोतीबाई मटकन खाली बसली. "माझा एकुलता एक भाऊ गेला गं!" तिनं असा हंबरडा फोडला, की आत्ताच आलेले पाहुणे चपला काढून डोळे पुसायलाच लागले! डीजे बंद पडला. मामाचा हात लागल्याशिवाय पहिली हळद लावायची नाही, ही त्या घरची रीत. बुधाजींनी लेकीकडे फक्त पाहिलं. जिज्ञासाला धर्मेशच्या ऑफिसातली खुर्चीच दिसायला लागली.

"मी आणते मामांना!" ती स्कूटीला किक मारत ओरडली.

बदलापूरच्या घरी मामा गॅलरीत पाठ फिरवून बसले होते.

"मामा, मान म्हणजे काय हो?"

"मान म्हणजे... मान!"

"तो फोटोत असतो?"

"असतो!"

"मग फोटो पावसात भिजला, की मान भिजतो?"

मामांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. आख्ख्या आयुष्यात त्यांना असं कुणी विचारलं नव्हतं. मग एकदम ते ताडकन उठले. "च्यायला! बरोबर बोलतंस पोरी! मान आत असतो, आत! चल!"

जिज्ञासा हवेत! आलं, एमए हातात आलं!

पण मामांना आता चटक लागली होती. मांडवात आल्या आल्या त्यांनी एका हातात हळदीची वाटी घेतली आणि दुसऱ्या हातात डीजेचा माइक!

"कल्पेश, थांब! लग्न म्हणजे काय?"

पाटावर बनियनमध्ये बसलेला कल्पेश गोंधळला. "म्हणजे... लग्न, मामा!"

"हीच पोरगी कशाला पायजे?"

"आवडते म्हणून."

"आन उद्या नाय आवडली, तर लग्न उरलं का?"

कल्पेश हळूच उठला, खांद्यावर टॉवेल टाकला आणि मांडवामागच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन बसला. "मना जरा विचार करू द्या," तो बोलला.

"आधी भाऊ गेला, आता पोरगा गेला!" मोतीबाईनं पुन्हा सुरू केलं. कुणीतरी नवरीकडे फोन लावलाच होता. तिकडून नवरीचे वडील ओरडत होते, "नवरदेव विचार करतोय म्हणजे काय?" जिज्ञासाला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. सगळं संपलं होतं.

एवढ्यात कल्पेशचा फोन वाजला. नवरीच! अक्षदाचा आवाज टाकीखाली उभ्या असलेल्या सगळ्यांना ऐकू आला.

"कल्पेश, तू विचार करतोयस? तू?"

"नाय नाय! कोण बोललं?" कल्पेशनं टाकीवरून उडी मारली आणि धावत येऊन पाटावर बसला. "लावा हळद! मामा, मिळालं उत्तर!"

"काय मिळालं?"

"नंतर सांगतो! लावा आधी!"

डीजे दणाणला! मामांनी हळद लावली आणि अनंताच्या खांद्यावर हात टाकून असे नाचले, की साखळी मानेवरून पाठीवर गेली.

जेवणं उरकल्यावर बुधाजींनी लेकीला बाजूला बोलावलं. ती मान खाली घालून उभी राहिली. "जाते बाबा धर्मेशदादाकडे."

"खुळी काय! त्या नाथाला आजपर्यंत कोणी गप्प केलेलं नाय. तू केलंस, मना कळलं!" बुधाजींचे डोळे चमकत होते. "आता नाक्यावर विचारू दे कोणाला पायजे ते! पण पोरी, तुझं शिक्षण अर्धवट हाय. म्हणून घोळ झाला. बीएला तुला निस्ते प्रश्न शिकवलेत. उत्तरं एमएला असणार! जा, घे प्रवेश. आन उत्तरं घेऊन येईपर्यंत गावातल्या कुठल्या हळदीला जायचं नाय!"

जिज्ञासानं त्यांना मिठीच मारली. एमएचा अभ्यासक्रम तिनं कधीच वाचून काढला होता. त्यात एकही उत्तर नव्हतं, प्रश्न मात्र बीएपेक्षा दुप्पट होते! सांगावं का बाबांना खरं? तिनं क्षणभर विचार केला. पण 'सत्य म्हणजे काय' हा तर पहिल्याच सेमिस्टरचा विषय होता. तो शिकून होईपर्यंत गप्प बसायला काय हरकत होती?