चांगल्या बातमीचं पिठलं

पातेलंभर गरम पिठलं मी एकदा चाळीच्या गटारात ओतलं होतं. हे आधीच सांगून टाकतो. आमच्या थोरातांविषयी बोलायला लागलो की मला फार मजा येते आणि त्या भरात स्वतःचा भाग गाळून पुढे जायची मला सवय लागली आहे.

ते पिठलं थोरातांनी आणलं होतं. मला बढती मिळाली म्हणून.

रीत तुम्हाला माहीत आहेच. ज्या घरात कोणी गेलं त्या घरात चूल पेटत नाही. शेजारीपाजारी पिठलं-भात करून नेतात. आणि पोरगं पास झालं, नोकरी लागली, की पेढे. थोरात याच्या बरोबर उलट चालत. कोणाचं वाईट झालं की पेढ्यांचा पुडा घेऊन दारात हजर, आणि कोणाचं भलं झालं की झाकलेलं पातेलं. बरं, चेहराही तसाच. पेढे देताना तोंडभर हसून म्हणणार, "नशीब काढलंत, राव!" आणि पिठलं देताना खांद्यावर हात ठेवून, हळू आवाजात, "सावरा. सावरा स्वतःला."

याकोब थोरात मूळचे नगरकडचे, ख्रिस्ती. सत्तरच्या दशकात आम्ही भिवंडीला एकाच चाळीत वरच्या मजल्यावर राहत होतो. खालच्या गाळ्यांतून रात्रंदिवस पॉवरलूम चालत, त्यामुळे आमची चाळ सतत थरथरत असे आणि आम्ही सगळे एकमेकांशी ओरडून बोलत असू. थोरात वंजारपट्टी नाक्याजवळच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते. दर रविवारी पांढरा शर्ट घालून, थोरातवहिनींना घेऊन एसटीने कल्याणला देवळात जात. चर्चला ते देऊळच म्हणत.

त्यांच्या उलट्या वागण्याचं कारण विचारलं की उत्तर एकच. "डोंगरावर सांगितलंय."

म्हणजे त्यांच्या प्रभूने एकदा डोंगरावर बसून लोकांना सांगितलं होतं, की जे गरीब आहेत, जे रडतायत, ज्यांना लोक हिणवतात, ते खरे भाग्यवान. आणि जे पोटभर जेवलेत आणि हसतायत त्यांची काही खैर नाही. आमच्या आईला हे पटत नसे. ती मानकोलीजवळच्या खेड्यात वाढलेली. "कंच्या डोंगराव सांगितलान?" ती विचारायची. "वज्रेश्वरीच्या?"

"नाही हो आई. फार लांबचा डोंगर आहे."

"मंग बरोबर. लांबशी सांगितला म्हनून याला उलटा ऐकू आला."

थोरात खो खो हसायचे. आईला ते आवडायचे, ही त्यातली गंमत.

दवाखान्यात तर धमालच. एकदा हनीफचाचा म्हणून एक कारागीर खोकल्याचं औषध न्यायला आला. बिचाऱ्याची आदल्याच दिवशी नोकरी गेलेली. बाटलीवर डोसाची कागदी पट्टी चिकटवता चिकटवता थोरातांनी ती हकीकत ऐकली आणि टाळी वाजवली.

"मुबारक हो, चाचा!"

"कंपाउंडरसाब, तुम दवा देते हो के जखम पे मिर्ची डालते हो?"

"अरे चाचा, जिसके पास कुछ नहीं बचा, पूरा राज उसी का है. डोंगर पे बोला है."

"राज रहने दो," चाचा म्हणाला, "एक लूम दिला दो."

थोरातांनी त्याच्या हातावर पेढा ठेवला आणि दवाखाना सुटल्यावर त्याला घेऊन गाळ्यागाळ्यांतून काम विचारत हिंडले. ही दुसरी गोष्ट मात्र ते कोणाला सांगत नसत. मला ती चाचाकडून कळली.

आमच्या शेजारची नलू मॅट्रिकला नापास झाली, तेव्हा तिच्या वडिलांनी दाराला आतून कडी लावली. थोरातांनी ती वाजवून वाजवून उघडायला लावली. "नलू कुठाय? नशीब काढलंस, पोरी!" नलू रडून रडून सुजलेली. तिने आधी त्यांच्याकडे रागाने पाहिलं, मग पुड्याकडे पाहिलं आणि तिला असं हसू फुटलं की आवरेना. सगळे पेढे तिने एकटीने खाल्ले. पलीकडच्या खोलीतला वसंता पहिल्या वर्गात पास झाला होता. त्याच्याकडे संध्याकाळी पातेलं गेलं.

सर्वांत कहर केला तो आमचे घरमालक शेठ नगरपालिकेवर निवडून आले तेव्हा. मिरवणूक चाळीपाशी आलेली, बेंजो वाजतोय, गुलाल उडतोय, आणि त्या गर्दीतून थोरात डोक्यावर झाकलेलं पातेलं धरून पुढे सरकतायत. गुलालाने लाल झालेल्या शेठांच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. "शेठ, सावरा स्वतःला. आम्ही आहोत."

शेठांना वाटलं, नगरकडे विजयाच्या दिवशी हेच खातात. त्यांनी तिथेच उभ्याने चार घास खाल्ले आणि विचारलं, "आणखी आहे का?"

असणारच. पिठलं थोरातवहिनींच्या हातचं होतं. ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, वरून कच्चं तेल. मार्था त्यांचं नाव. बाई गोल, बुटकी आणि शांत. त्यांना कोणी विचारलं, "वहिनी, तुम्हाला तरी हे पटतं का?" तर त्या म्हणायच्या, "प्रभूनं ह्यांचं डोकं उलटं बसवलंय. मला फक्त बेसन किती घालायचं एवढंच विचारतात."

आता माझी पाळी.

मी एका सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कारखान्यात, कारकून होतो. फार वर्षं वाट पाहून हेडक्लार्क झालो. गावाकडून नातेवाईक बोलावले. बायकोने, शालिनीने, नवं पातळ नेसलं. आई कोचावर पाटलिणीसारखी बसली. भावकीतले जे मला आयुष्यभर "शाळा शिकून काय दिवे लावले" म्हणत आले, ते समोर सतरंजीवर बसून माझे पेढे खात होते. त्या दुपारी मला काय वाटत होतं ते सांगायला आज लाज वाटते. मला वाटत होतं, झालं, आता मी मोठा झालो.

तेवढ्यात थोरात आले. हातात पातेलं. मागे वहिनी, त्यांच्या हातात भाताचं भांडं.

माझ्या काकांच्या हातातला पेढा हातातच राहिला. थोरातांनी पातेलं माझ्यासमोर ठेवलं आणि खांद्यावर हात टेकला. "भोईर, सावरा."

"अरे देवा!" आईने कपाळावर हात मारला. "चांगल्या दिवशी सुतकाचा पिठला! या मानसाला अक्कल हाय का न्हाय?"

काकांनी मान डोलावली. एकजण हसला. ते हसणं मला लागलं. शेठांना हसले नव्हते, मला हसले. मी पातेलं उचललं, बाहेर गॅलरीत नेलं आणि खालच्या गटारात रिकामं केलं. मग वळून म्हणालो, "थोरात, तुमच्या घरात कोणी गेलं ना, की मी पेढे घेऊन येतो! किलोभर आणतो!"

त्या दिवशी शुक्रवार होता. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद. एरवी हे वाक्य त्या खटखटीत बुडून गेलं असतं. त्या दिवशी ते शेवटच्या खोलीपर्यंत गेलं.

वहिनी म्हणाल्या, "पातेलं तेवढं द्या. घासून घेते." मी परत केलं.

आईने नंतर अपशकुन निघावा म्हणून मला वज्रेश्वरीला नेऊन नारळ फोडायला लावला. बढती टिकली. पगार वाढला. फक्त एक झालं. आधी आम्ही चौघे कारकून दुपारी एकमेकांच्या डब्यात हात घालून जेवायचो. हेडक्लार्कला लाकडी पार्टिशनची केबिन होती. पहिल्या दिवशी मी डबा घेऊन बाहेर आलो तर तिघेही उठून उभे राहिले. "बसा बसा," मी म्हणालो. ते बसले, पण कोणी बोलेना. दुसऱ्या दिवसापासून मी केबिनमध्येच जेवू लागलो. रोज मटकीची उसळ चावताना माझ्या कानात येई, "सावरा स्वतःला." मला त्या माणसाचा आणखीच राग यायचा.

थोरात जिन्यात भेटले की मी भिंतीवरचे पोपडे बघायचो.

आणि मग त्या थंडीत थोरातवहिनी गेल्या. ताप छातीत उतरला, आणि दवाखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाच्या हातात काही राहिलं नाही. कल्याणला त्यांना माती दिली. सगळी चाळ गेली. हनीफचाचा गेला, नलू गेली, शेठ मोटारीने गेले. मी गेलो नाही. ऑफिसात तपासणी आहे म्हणालो. तपासणी नव्हती. मला माझं वाक्य आठवत होतं आणि चाळीत प्रत्येकाला ते आठवत असणार, याची खात्री होती.

शालिनीने भात नेला. परत येऊन म्हणाली, "अहो, ते कसेतरीच करतात. कोणी आत आलं की आधी त्याच्या हाताकडे बघतात. मग मान खाली घालतात."

"काही बोलले?"

"तुमचं विचारत होते. भोईर का नाही आले म्हणून."

मला वाटलं, हिशेब चुकता करायला बोलावतोय.

पुढच्या रविवारी मी स्वतः पिठलं केलं. शालिनीला हात लावू दिला नाही. डाळीचं पीठ हाटताना गुठळ्या झाल्या, त्या मोडायला गेलो तर खाली लागलं. तसंच पातेलं उचललं आणि गेलो. थोरात कल्याणला गेले नव्हते. खाटेवर बसले होते. पांढरा शर्ट घातलेला, पण बटणं एक घर चुकलेली.

"या, भोईर."

मी पातेलं ठेवलं. त्यांनी झाकण उचलून पाहिलं. "गुठळ्या झाल्यात."

"मीच केलंय."

"कळलं." मग त्यांनी माझ्या दुसऱ्या, रिकाम्या हाताकडे पाहिलं. "आणि पेढे?"

मला वाटलं, जमीन फाटेल तर बरं. "थोरात, त्या दिवशी मी रागात..."

"रागात असाल. पण कबूल केलं होतंत." त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. लहान मूल आठवण करून देतं तसे ते म्हणत होते. "सगळे आले, भोईर. पिठलं आलं, भात आला. सगळे तोंड पाडून बसले आणि गेले. मी प्रत्येकाच्या हाताकडे बघत होतो. पेढे आणीन असं फक्त तुम्हीच म्हणाला होतात. म्हटलं, भोईर तरी आणतील."

मी पातेल्यावर झाकण परत ठेवलं.

"तुम्हा लोकांना वाटायचं, थोरात दुःखाचे पेढे वाटतो. वेडा आहे. अहो, रडणाऱ्याच्या घरी प्रभू आधीच येऊन बसलेला असतो. डोंगरावर सांगितलंय. एवढा मोठा पाहुणा आला, तर तोंड गोड करायला नको? आणि मोठा झालेला माणूस एकटाच जेवतो. त्याच्याकडे भात नको न्यायला?" त्यांनी खोलीभर नजर फिरवली. मोरीत वहिनींची पातेली पालथी घातलेली होती. "दुसऱ्याच्या घरात मला तो लगेच दिसायचा. नलूकडे दिसला. चाचाकडे दिसला. इथं मला दिसत नाहीये, भोईर. मी रोज बघतोय. कोणी पेढे आणले असते, तर मला वाटलं असतं, चला, मला नाही तर कोणाला तरी दिसतोय."

मी उठलो आणि मंडईतल्या हलवायाकडे गेलो. चपला घालायच्या राहिल्या होत्या.

"एक किलो पेढे."

"अरे भोईरसाब! किस खुशी में? फिर से प्रमोशन?"

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि माझे डोळे भरून आले. हलवायाने माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या अनवाणी पायांकडे. "थोरातसाब के लिए?" त्याने विचारलं. मी मान हलवली. त्याने पुडा बांधून दिला.

परत आलो. पुडा सोडून त्यांच्यासमोर धरला. "नशीब काढलंत" असं म्हणायचं ठरवून आलो होतो, ते काही जमेना. मग जे खरं होतं तेच तोंडातून आलं.

ते मी वर सांगायचं टाळलं होतं. वहिनींनी पातेलं मागितलं तेव्हा मी ते परत केलं, असं लिहिलं. कसं केलं ते लिहिलं नाही. त्यांनी हात पुढे केला होता, आणि मी पातेलं त्यांच्या हातात न देता उंबऱ्याबाहेर जमिनीवर ठेवलं. भावकी बघत होती. थोरातांचे आजे ख्रिस्ती होण्याआधी कोणत्या जातीचे होते, हे त्या भावकीला माहीत होतं आणि मलाही. वहिनींनी वाकून ते उचललं होतं.

"थोरात, मला माफ करा," मी म्हणालो.

रविवार होता. खाली लूम खटखटत होते. त्यांनी कानामागे हात धरला. "काय म्हणालात?"

मी आणखी मोठ्याने म्हणालो, मग आणखी मोठ्याने. नलू दारात येऊन उभी राहिली, तिच्यामागे शालिनी, तिच्यामागे आई. तेव्हा मी शुक्रवारी ओरडलो होतो तेवढ्याच जोरात ओरडलो, "पिठलं ओतलं त्याबद्दल माफ करा! आणि वहिनींना पातेलं हातात दिलं नाही, त्याबद्दल त्यांची माफी मागतो! त्यांची राहिली, ती तुमच्याकडे मागतो!"

थोरातांनी पुड्यातला एक पेढा उचलला आणि हात पुढे केला. मी तो त्यांच्या हातातून घेतला.